शेवटच्या पानावरची राखण

बिरूभाऊ कोळपे गेल्याचा फोन आला तेव्हा कारखान्यात माझ्यासमोर ऊसनोंदीच्या याद्या छापल्या जात होत्या. कळंबच्या एस.टी.डी. बूथवरून त्यांचा पुतण्या बोलत होता. "ताई, तात्या गेलं. सकाळी चहा पिऊन टेकलं भिंतीला, आन्..." एवढंच ऐकू आलं आणि लाइन तुटली. आमच्या भागातल्या लाइन अशाच तुटतात. मी रिसीव्हर ठेवला, उरलेली पानं छापून होईपर्यंत प्रिंटरजवळ उभी राहिले, कागद नीट घडी करून शिपायाच्या हातात दिले आणि मग कळंबच्या एस.टी.ला गेले. कुणाला हे कोरडं वाटेल. बिरूभाऊंना वाटलं नसतं. अर्धी यादी टाकून गेले असते तर त्यांच्या तिरडीसमोर उभं राहायला मलाच अवघड झालं असतं.

खरं म्हणजे हा लेख मी लिहिणार नव्हते. रडायची मला सवय नाही आणि लिहायची त्याहून नाही. पण दहाव्याला नीरेच्या काठावर जे ऐकलं, त्यानंतर गप्प बसणं जमेना. आमच्याकडे दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात. पिंड ठेवलेले असतात, कावळ्याची वाट बघत लोक बसलेले असतात आणि एकेक जण माइकवर येतो. पाच-सहा जण बोलून झाल्यावर माइक हातात घ्यायला आमचे जुने मुख्य शेतकी अधिकारी उठले. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली, पांढरे कपडे मात्र अजून परीटघडीचे. घसा खाकरून ते म्हणाले, "बिरूला मी घडवला. मधल्या काळात त्याच्यावर आळ आला, तेव्हा सगळं जग त्याच्या विरुद्ध होतं. मी एकटा त्याच्या पाठीशी उभा राहिलो..." लोकांनी माना हलवल्या. बायकांच्या घोळक्यातून बिरूभाऊंच्या बायकोनं, लक्ष्मीवहिनींनी, माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याला उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी गेलेल्याबद्दल वाईट बोलणारच नाही. जिवंत आहेत त्यांच्याबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही, कारखान्याचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना इथवर वाचून कळलंच असेल.

मी मूळची लोणी भापकरची. बारामतीत टायपिस्ट होते, कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्या खात्यात घेतलं. एक मोठं मशीन, त्याला वायरींनी जोडलेली आठ टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. डोकं सगळं मोठ्या मशीनमध्ये. सभासद शेतकरी चपला बाहेर काढून ते बघायला यायचे. बिरूभाऊ तेव्हा अंथुर्ण्याच्या गट ऑफिसात क्लार्क होते. अक्षर चांगलं म्हणून त्यांना आमच्याकडे पाठवलं. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. कळपामागं फिरण्यात शाळा उशिरा सुरू झाली, वर्गात सगळ्यात थोराड हेच. पण पुण्याचा इंजिनियर सहा महिने शिकवायला यायचा होता, तो तिसऱ्या महिन्यातच म्हणाला, "यांना आता मी काय शिकवू?" हे कौतुक ऐकून बिरूभाऊ लाजले वगैरे नाहीत. म्हणाले, "मग उरल्याला तीन महिनं तुमी आमच्याकडनं मराठी शिका."

त्यांची एक सवय सांगायला हवी. काम संपवून टर्मिनलवरून उठताना ते मशीनमधून रीतसर बाहेर पडत, म्हणजे तसा शब्द टाइप करत, आणि तोंडानं हळूच "येतो" म्हणत. आपण घरातून निघताना म्हणतो तसं. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "हसा. निरोप न घेता उठलं की मागं काय ऱ्हातंय ते आपल्याला कळत न्हाय."

याचा अर्थ मला पहिल्या वर्षी कळला. सबंध गटाच्या नोंदी क्रमानं लावायचं काम मी मशीनला दिलं होतं. तीन तासांचं काम. तास-दीड तास झाला असेल, फरशी पुसणाऱ्या बाईचा पाय वायरीत अडकला, माझा पडदा काळा झाला आणि काम मेलं. मी त्या बाईवर ओरडणार तोच बिरूभाऊ म्हणाले, "तिला नगा बोलू. चूक तुमची हाय." मग त्यांनी मला समजावलं, ते असं. टर्मिनलची लाइन तुटली की मशीन त्या टर्मिनलवरून सुरू झालेल्या सगळ्या कामांना हाक मारतं : मालक उठला, आवरा. कामं ती हाक ऐकतात आणि जागच्या जागी संपतात. पण काम सुरू करतानाच त्याला सांगून ठेवलं की ही हाक आली तर ऐकू नकोस, तर ते थांबत नाही. पडदा काळा होवो, माणूस घरी जावो, ते आपलं चालत राहतं. मी विचारलं, "पण ज्या टर्मिनलपोटी ते काम सुरू झालं तेच गेलं, तर त्याला मालक कोण?"

"एक नंबर," ते म्हणाले. "मशीन चालू झालं की सगळ्यात पयलं जे काम उठतंय, त्याचा नंबर एक. मागं ऱ्हायलेली समदी पोरकी कामं ते आपल्या पदरात घेतंय." मला नीट कळलेलं नाही हे बघून पुढं म्हणाले, "आमचा म्हातारा इंदापूरच्या बाजाराला जायचा. कुणाच्या तरी वावरात मेंढरं बसवल्याली असायची. म्हातारा गेला म्हणून मेंढरं चरायची थांबायची व्हय? आई असायची की मागं. मेंढरांना मालक कोण ते इचारा, आईचंच नाव सांगतील."

त्या दिवसापासून मी एकही मोठं काम त्या सूचनेशिवाय सुरू केलं नाही.

आता तोडीच्या यादीबद्दल. ऊस कधी लावला ती तारीख शेतकरी गट ऑफिसात नोंदवतो. आधी लागण त्याची आधी तोड, एवढा साधा नियम. जुलैची आडसाली आधी, ऑक्टोबरची लागण मागून. हंगामात रोज सकाळी मशीन त्या तारखांवरून यादी काढतं आणि ती शेतकी खात्याबाहेरच्या फळ्यावर लागते. लोक देवाचं दर्शन घ्यावं तशी ती यादी बघतात, कारण नंबर मागं गेला की उसाला तुरे येतात, कांडी पोकळ पडते आणि वर्षाची मेहनत डोळ्यांसमोर हलकी होत जाते. म्हणजे सगळा न्याय त्या एका तारखेत. तारीख बदलली की न्याय बदलला.

अंथुर्ण्याच्या गट ऑफिसात एक टर्मिनल आणि एक मोडेम दिला होता. तिथून फोन लावला की कारखान्यातलं मशीन तो उचलायचं. पण ती लाइन दिवसातून चारदा तुटायची. तारेवर कावळा बसला तरी तुटायची, असं आम्ही म्हणायचो.

पाच हंगामांपूर्वीची गोष्ट. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. एका सकाळी फळ्यासमोर आरडाओरडा ऐकू आला. शेतकी साहेबांच्या, म्हणजे दहाव्याला माइकवर बोलले त्यांच्याच, मेव्हण्याचे ऑक्टोबर लागणीचे अकरा प्लॉट यादीत जुलैची लागण म्हणून पुढं आले होते, आणि कळंबच्या लोकांची खरी आडसाली मागं ढकलली गेली होती. त्यात नामदेव आबा होते. बिरूभाऊंच्या घराच्या भिंतीला यांच्या घराची भिंत. साहेब स्वतः कॉम्प्युटर खात्यात आले, तारखा कुणी बदलल्या ते काढायला लावलं, आणि मशीननं नाव सांगितलं : बिरू. लाइन अंथुर्ण्याची, वेळ आदल्या दिवशी दुपारची चार. आदल्या दिवशी बिरूभाऊ अंथुर्ण्याला गेले होते ही गोष्ट खरीच होती. साहेबांनी तो कागद बाहेर जमलेल्या लोकांसमोर वर धरला. "बघा. मेंढरामागून उचलून खुर्चीवर बसवला, त्यानं हे केलं. माझ्या पाहुण्याचं नाव घालून मलाच बदनाम करायला निघाला."

नामदेव आबांनी बिरूभाऊंकडे बघितलं. "बिरू, खरं हाय का रं?"

"न्हाय आबा."

"मग कागुद खोटा बोलतोय व्हय?"

कागद खोटा बोलत नव्हता, हीच अडचण होती.

मी मात्र माझ्या टर्मिनलवर बसून मशीनमध्ये या क्षणी कोण कोण आहे ते पाहिलं. यादीत बिरूभाऊंचं नाव होतं. अंथुर्ण्याच्या लाइनवर. कालपासून. माणूस माझ्यापासून चार हातांवर उभा, आणि मशीनच्या मते तो अजून अंथुर्ण्याला बसलेला. मी त्यांना हाताला धरून आणलं आणि पडदा दाखवला. ते खाली बसले. मग सगळं उलगडून सांगितलं. काल दुपारी तीनला अंथुर्ण्यात लाइन तुटली. त्यांना वाटलं आपण बाहेर पडलो. परत फोन लावून रीतसर निरोप घ्यायला हवा होता, पण दारात एस.टी. उभी होती. आणि आमच्याकडच्या मोडेमची कळ चुकीची लावलेली होती. लाइन तुटल्याची बातमी तो मशीनला सांगतच नव्हता. म्हणजे आवरा अशी हाक कुणी मारलीच नाही. मशीन बिरूभाऊंची जागा उघडी ठेवून वाट बघत बसलं. तासाभरानं त्याच फोनवरून ज्यानं पुन्हा नंबर फिरवला, त्याला मशीननं नाव विचारलं नाही, परवलीचा शब्द विचारला नाही. तो सरळ बिरूभाऊंच्या खुर्चीत जाऊन बसला.

"काल गुरुवार होता. दर गुरुवारी दुपारी अंथुर्ण्याला कोण जातं?" मी विचारलं. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. साहेबांची जीप.

"ताई, मी येतो म्हणलो न्हाय," एवढंच ते म्हणाले. चोरी दुसऱ्यानं केली, पण हा माणूस स्वतःच्या चुकीवर अडकून बसला होता. मला त्यांचा तेव्हाही राग आला होता.

साहेबांना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांनीच केलेलं त्यांना काय सांगायचं? आणि कार्यकारी संचालकांना, म्हणजे एम.डीं.ना, सांगायला, त्या खुर्चीत नेमकं कोण बसलं याचा आमच्याकडे पुरावा नव्हता. दुपारी हुकूम आला : कोळपे यांनी कॉम्प्युटर खातं सोडून बैलगाड्यांच्या तळावर जावं, आलेल्या गाड्यांना नंबर द्यावेत. नाव मशीनमधून काढावं, टर्मिनल उचलावं. साहेबांचा हेडक्लार्क चार वाजता येणार होता. बिरूभाऊंकडे दोन तास होते. ते दोन्ही तास त्यांनी टाइप करण्यात घालवले. मी शेजारी होते. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर पाच मिनिटांनी लागणीच्या तारखा जुन्या प्रतीशी ताडायच्या. फरक दिसला की जुनी तारीख, नवी तारीख, वेळ आणि त्या वेळी कुठल्या लाइनवर कोणाचं नाव बसलंय, हे टिपायचं. आणि रोज सकाळी तोडीची यादी छापून झाली की तिच्यामागून एक पान छापायचं. बदल नसेल तर तसं छापायचं. प्रोग्रॅमचं नाव ठेवलं राखण. सुरू करताना त्याला सांगून ठेवलं की मालक उठल्याची हाक आली तर ऐकू नकोस.

हेडक्लार्क आला तेव्हा बिरूभाऊ बाहेर पडायचा शब्द टाइपच करत होते. त्यानं थांबू दिलं नाही. "साहेब म्हणाले लगेच," असं म्हणून त्यानं मागची वायर ओढली. पडदा काळा झाला. टर्मिनल छातीशी धरून तो गेला. जाताना माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, आणि तो दिसेनासा झाल्यावर माझ्या टर्मिनलवर चालू कामांची यादी काढली. खालून तिसऱ्या ओळीत राखण होती. मालक : एक नंबर.

हंगामात आमचं मशीन बंद होत नाही. बाहेर गावोगाव वीज जाते, पण कारखान्याची वीज कारखान्याच्याच टर्बाईनवर, आणि गाळप संपेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही असा नियमच. म्हणजे मे महिन्यापर्यंत राखणीला मरण नव्हतं. साहेबांना चाळीस वर्षांचा अनुभव होता म्हणे. पण वायर ओढली की माणसाचं काम संपतं, असंच त्यांना वाटत होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. माझे नाही, त्यांचे. तळावर शेणात आणि पाचटात उभं राहून नंबर लिहायचे. ते त्यांना जड नव्हतं, जनावरांत वाढलेला माणूस. जड होतं ते कळंबला जाणं. चौकशी होईपर्यंत यादी आहे तशीच ठेवायची असं साहेबांनी ठरवलं होतं, आणि तेवढ्यात नामदेव आबांच्या उसाला तुरे आले. पांढरे, वाऱ्यावर डुलणारे, लांबून फार सुंदर दिसतात. आबा रोज बांधावर उभे राहून ते बघायचे आणि घरी येताना बिरूभाऊंच्या दारावरून खाली मान घालून जायचे. एकदा वहिनींनी तांब्या पुढं केला. आबा म्हणाले, "नगं बाई. हितलं पाणी पचायचं न्हाय आता." वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज हलला नाही. माझं डोकं मात्र फिरलं. त्याच दिवशी मी ठरवलं की राखणीनं नुसती वाट बघायची नाही.

बिरूभाऊंना सांगितलं तर ते नको म्हणाले. "राखण चोर धराया नसती ताई. कुनीतरी जागं हाय, येवढं चोराला कळावं म्हणून असती."

"तुमची असेल तशी," मी म्हटलं. "मला चोर धरायचाय."

"आन् धरून?"

"धरून लोकांना दाखवायचाय. तुम्हाला दाखवलं ना त्यांनी? तसाच. त्याच फळ्यासमोर."

"तुमचं नाव खराब हुईल."

"ते मी बघीन."

ते हसले. "मेंढरात एखादी असती अशी. कुत्र्याच्या अंगावर जाती."

मोडेमची ती चुकीची कळ मला एका मिनिटात सुधारता आली असती. मी मुद्दाम सुधारली नाही. साहेबांच्या मेव्हण्याचे आणखी चार प्लॉट मागच्या नंबरला होते आणि भूक मेलेली नव्हती हे मला माहीत होतं. गुरुवारी सकाळी फॉर्म आणायचं निमित्त काढून मी अंथुर्ण्याला गेले. तिथून कारखान्याला फोन लावला, माझ्या स्वतःच्या नावानं मशीनमध्ये शिरले, आणि निरोप न घेता मोडेममधून फोनची वायर काढली. पुन्हा लावली. माझी खुर्ची तिकडं उघडी राहिली. मी एस.टी.नं परत आले. पहिल्या गुरुवारी काही घडलं नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या गुरुवारीही, आधीच्या दोन गुरुवारांसारखंच, परत आल्यावर दुपारी साडेतीनला मी उसाच्या अंदाजाचे तक्ते घेऊन एम.डीं.च्या केबिनमध्ये शिरले आणि साडेपाचपर्यंत उठलेच नाही. एकेक आकडा तीनदा समजून घेतला. त्यांनी कंटाळून दोनदा चहा मागवला.

शुक्रवारी सकाळी यादी छापून झाली आणि तिच्यामागून ते पान आलं. मी वाचलं, घडी केली आणि शिपायाला यादीबरोबर दिलं. रोज देत होते तसंच. इतके दिवस त्यावर एकच ओळ असायची, "लागण तारखेत बदल : नाही", म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी नामदेव आबांचं बोट यादीवरून खाली सरकत शेवटच्या पानावर थांबलं.

"चार प्लाट... आक्टोबरचं जुलै... काल दुपारी चार वीस... लाइन अंथुर्णे... नाव शोभा." आबांनी वर बघितलं. "ही शोभा कोण?"

"मी," मी दारातून म्हटलं.

"म्हंजे तुमी बी?"

"आबा, काल चार वीसला मी एम.डी. साहेबांसमोर चहा पीत होते. दुसरा कप. त्यांना विचारा. माझं नाव अंथुर्ण्याला होतं, मी इथं होते. बिरूभाऊंचंही त्या दिवशी असंच झालं."

तेवढ्यात साहेबांची जीप आली. फळ्यासमोर तोवर चाळीसेक माणसं तरी जमली असतील. ते गर्दीतून पुढं आले, त्यांनी पान वाचलं, आणि पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर काही समजत नसल्याचं दिसलं. मी विचारलं, "साहेब, काल चार वीसला अंथुर्ण्याच्या फोनवर कोण होतं?"

"मला काय विचारता? तिथल्या क्लार्कला विचारा."

"क्लार्क काल रजेवर होता."

आबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते जीपच्या ड्रायव्हरकडे गेले. "का रं, काल चार वाजता गाडी कुठं व्हती?"

ड्रायव्हरनं साहेबांकडे पाहिलं. मग त्या चाळीस माणसांकडे. त्यातले निम्मे त्याच्या भावकीतले होते. "अंथुर्ण्याला," तो म्हणाला. "लॉगबुकात हाय की."

त्यानंतर जे झालं ते बघताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? अजूनही आठवलं की बरं वाटतं. कुणी अंगाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. लोकांनी फक्त वाट करून दिली, आणि साहेब त्या वाटेनं चालत आपल्या खोलीत गेले. दारापर्यंतचं अंतर वीस पावलं असेल. त्यांना ते फार लांब पडलं.

दुपारी एम.डीं.ना मी सगळं करून दाखवलं. शिरले, लाइन तोडली, पुन्हा फोन लावला, बिनापरवलीची आत. ते म्हणाले, "हे बाहेर बोलू नका." मी बोलले नाही. बाहेर आधीच सगळ्यांना कळलं होतं. साहेबांना हंगाम संपेपर्यंत रजा मिळाली, मग दुसरं खातं, आणि पुढं शाल-श्रीफळ देऊन निरोप. बिरूभाऊंना शिपायानं येऊन सांगितलं, "बोलावलंय." ते निर्दोष आहेत असा एक ओळीचा कागद आजतागायत कारखान्यानं काढलेला नाही. मी तीनदा अर्ज केला. माझ्याकडे पोचपावत्या आहेत.

ते खात्यात परत यायच्या आदल्या दिवशी मी तळावर गेले होते. तिथं नामदेव आबा आले. बैलाच्या शिंगांना हात लावत, इकडंतिकडं बघत जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बिरू, पाणी दे रं." बिरूभाऊंनी गाडीखालच्या कॅनमधलं पाणी तांब्यात ओतून दिलं. आबांनी अख्खा तांब्या संपवला. रिकामा तांब्या बिरूभाऊंनी परत गाडीखाली ठेवला. त्यांच्या जागी मी असते तर आधी जाब विचारला असता.

मोडेमची कळ नंतर बिरूभाऊंनीच सुधारली. राखण मात्र काढली नाही. मे महिन्यात मशीन बंद झालं तेव्हा ती थांबली, आणि पुढच्या हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडली त्या दिवशी त्यांनी ती पुन्हा सुरू केली. दर वर्षी. पानावर दर वर्षी तीच ओळ. नव्या अकाउंटंटनं एकदा विचारलं, रोज एक कोरा कागद कशाला वाया घालवता? बिरूभाऊ म्हणाले, "कोरा न्हाय, वाचा की."

दहाव्याला माइकवर साहेब बोलत होते तेव्हा उठून उभं राहावं असं मला दोनदा वाटलं. उठले नाही, कारण पिंडाला कावळा शिवलेला नव्हता आणि वहिनींना उन्हात बसून तास झाला होता. पण साहेबांनी आपलं भाषण केलंच आहे, तर हेही वाचावं. तुम्ही एकटे त्यांच्या पाठीशी नव्हता. तुम्ही त्यांच्या खुर्चीत होता.

गेल्या आठवड्यात यंदाची मोळी पडली. सगळे गव्हाणीकडे गेले होते, नारळ फुटल्याचा आवाज आमच्या खोलीपर्यंत आला. मी बिरूभाऊंच्या टर्मिनलवर बसले आणि राखण सुरू केली, हाक ऐकू नकोस असं सांगून. यंदा एकच फरक केला. पानाच्या माथ्यावर एक ओळ घातली : राखण – बिरू म्हाळू कोळपे, कळंब. मग उठून मागची वायर ओढली. पडदा काळा झाला. शेजारच्या टर्मिनलवर पाहिलं. राखण चालू होती, मालक एक नंबर. वायर परत लावली, रीतसर आत शिरून रीतसर बाहेर पडले आणि तोंडानं येते म्हटलं. खोलीत कुणी नव्हतं म्हणून म्हटलं.

दोन हजार सालासाठी हे मशीन बदलणार आहेत. नव्यावर पहिलं काम कोणतं चढणार ते मी ठरवून ठेवलंय.

साहेबांचा स्वतःचा ऊसही आमच्याच कारखान्याला येतो. निवृत्त माणूस, वेळ भरपूर, रोज सकाळी स्कूटरवरून नंबर बघायला येतात. शिपाई सांगतो, आल्या आल्या खाली वाकून शेवटचं पान आधी वाचतात, आणि मग वर यादीत स्वतःचं नाव शोधतात. यंदा त्यांचा नंबर बराच मागं आहे. लागण तारखेप्रमाणे.